कणीची फळं

माझ्या लेकीचा नवरा सिंगापूरचा. त्याचं घराणं मूळचं चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, तिओच्यू लोकांतलं. या लोकांचं एक आवडतं खाणं आहे, त्याला क्वे चाप म्हणतात. मागच्या वर्षी लेकीकडे गेले तेव्हा विहीणबाई सगळ्यांना ते खायला त्यांच्या नेहमीच्या खाणावळीत घेऊन गेल्या, सोबत मलाही. पंखे घरघरत होते, माणसं घाम पुसत जेवत होती. एका वाडग्यात तांदळाच्या पिठाचे रुंद, पांढरे, बुळबुळीत तुकडे काळसर रश्श्यात पोहत होते. शेजारच्या ताटलीत डुकराचं मटण होतं, चरबीसकट, कातडीसकट, आतडीसुद्धा नीट कापून मांडलेली. मी वाडग्यावर वाकले आणि चक्रीफुलाचा, दालचिनीचा आणि त्याखाली त्या चरबीचा वास आला. मला घास घ्यायचीही गरज नव्हती. हे खाणं मी ओळखत होते. बदनापूरला, स्टेशनामागच्या आमच्या वस्तीत, वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मी ते दर रविवारी खाल्लेलं आहे. आजवर मी सगळ्यांना, माझ्या नवऱ्याला आणि लेकीलासुद्धा, असं सांगत आले की आमच्या माहेरी डुक्कर कधी शिजलं नाही. ते खोटं आहे. ते शिजत होतं, आणि त्यापायी एका बाईचा आसरा गेला. तो माझ्या जिभेने गेला. या वयात लिहायला बसलेच आहे, तर हे झाकून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आमचं घर म्हणजे विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढे कडुनिंब आणि मागच्या भिंतीला टेकून काढलेलं एक छप्पर. खोल्यांत अण्णा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ. छपरात आत्या. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आत्या त्यांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत आणि ती त्यांना दगडू म्हणे. दगडू हे अण्णांचं पाळण्यातलं नाव. शाळेच्या दाखल्यावर त्यांनी ते बदलून दिनकर केलं होतं, आणि साऱ्या बदनापुरात त्यांना दगडू म्हणणारं एकच माणूस उरलं होतं. चारचौघांत ती हाक आली की अण्णांच्या मानेची शीर ताठ व्हायची. आत्याला ते दिसत नसे असं नाही. पण तिच्या तोंडात दिनकर बसतच नव्हता. 'दिनकर म्हनलं की मला वाटतं, कोन्या सायबाला बोलावून राह्यले,' असं म्हणून ती हसायची.

अण्णा कडक होते. धर्म बदलला म्हणजे माणूस बदलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहाटे अंगावर पाणी घेऊन वंदना म्हणायची, नखं कापलेली हवीत, शिवी नको, दारू नको, अंगारा नको. आणि डुक्कर तर नकोच नको. डुक्कर म्हणजे त्यांच्या लेखी मागचं सगळं जिणं होतं, उकिरड्याकाठचं, लोकांच्या उष्ट्यावरचं. वस्तीच्या सभेत ते बोलायला उभे राहिले की एक गोष्ट हमखास सांगत. लहानपणी त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप असायचा, बाहेर वळचणीला खोचलेला. तो आपणच काढायचा, आपणच धुवायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा आणि परत खोचून ठेवायचा. हे सांगताना त्यांचा आवाज चिरकायचा आणि ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. सभा संपवून अण्णा घरी येत, तेव्हा आमच्या कडुनिंबाच्या खिळ्याला एक कप टांगलेला असे. त्यालाही कान नव्हता, म्हणून सुतळीची शिंकाळी करून अडकवला होता. तो आत्याचा कप. माय किटलीतून त्यात वरून चहा ओतायची. आत्याची ताटली वेगळी, तांब्या वेगळा, चूल वेगळी, कारण ती 'ते' खायची. या दोन कपांतला संबंध कळायला मला आयुष्य जावं लागलं, असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण मला तो तेव्हाच कळत होता. मी हुशार पोर होते. मला त्याची गंमत वाटायची.

ज्या अण्णांना आत्याचा कप वेगळा लागत होता, त्यांना तिनेच मजुरी करून शिकवलं होतं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, म्हणून ती भावाकडे आली ती कायमची. सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला जायचं आणि जुन्या जालन्यात एका ठोक व्यापाऱ्याच्या दुकानात झाडलोट करायची, हे तिचं काम. अण्णा शिकत होते तेव्हापासून मी सांगतेय त्या वर्षापर्यंत त्यात खंड पडला नव्हता. तिथे धान्य आणि मसाल्याची पोती उघडत, मापं होत, सांडत. संध्याकाळी झाडून जे गोळा होई त्याला झाडण म्हणत, आणि झाडण झाडणारीचं, असा त्या गल्लीचा रिवाज होता. आत्या ओच्यात ते घेऊन यायची. मग छपराच्या दारात बसून सुपात पाखडायची. सुपाचा तो फटफट आवाज आला की मी अभ्यास टाकून जायची. खडे बाजूला, माती बाजूला, काड्या बाजूला. तांदळाची कणी एका डब्यात. दगडफूल, मोडकी चक्रीफुलं, दालचिनीच्या साली, फुटक्या लवंगा दुसऱ्या डब्यात. जे मसाले आमच्या वस्तीत लग्नाला सुद्धा दिसत नसत, ते तिच्या डब्यात असायचे, सगळे तुटलेले, पण वासाला एकदम अस्सल. मायच्या चुलीवर ज्वारीची भाकरी आणि वरण. आत्याच्या छपरातून मात्र असा वास यायचा की वाटावं, आत कुणी नवाब राहतो.

रुळांच्या पलीकडे रविवारी डुक्कर कापत. आत्या पहाटेच जाऊन वाटा आणायची, पदराखाली झाकून. ती त्याला नावाने कधी म्हटली नाही. 'भाजी' म्हणायची. 'भाजी केली गं, सुले,' एवढं हळूच म्हटलं की मी समजायची. चरबी आधी तव्यावर सोडायची, तिच्याच तेलात कांदा काळा होईपर्यंत परतायचा, मग तो झाडणीचा मसाला पाट्यावर वाटून घालायचा. रस्सा शिजेपर्यंत इकडे कणीचं पीठ. जात्यावर दळलेलं ते पीठ उकळत्या पाण्यात घोटून तिचे हात लाल व्हायचे. ती उकड पाटावर थापून सुरीने चौकोन पाडायचे आणि एकेक उकळत्या रश्श्यात सोडायचा. माय गव्हाच्या कणकेची फळं वरणात सोडायची, तशीच ही. फक्त पांढरी, बुळबुळीत, आणि डुकराच्या रश्श्यातली. घशातून ती आपणहून खाली उतरत. मी तिच्याच ताटलीत जेवायची, वाडगं तोंडाला लावून शेवटचा घोट प्यायची आणि कडेला लागलेलं बोटाने पुसून चाटायची. मग राखेने हात घासायचे, कडुनिंबाचा पाला चुरून हातावर चोळायचा आणि तोंडात बडीशेप टाकायची. हे सगळं आत्यानेच शिकवलं होतं. मायला ठाऊक असावं. ती काही बोलली नाही, कारण त्या दिवशी मी घरात भाकरी कमी खायची.

त्या वर्षी अण्णांना एका गोष्टीचा ध्यास लागला होता. शाळेतल्या मास्तरांनी आपल्या घरी जेवावं. चार मास्तर होते, हेडमास्तर धरून. चौघंही आजूबाजूच्या गावातले, शेतीवाडीवाले, पिढ्यान्‌पिढ्या गावात मान असलेले. शाळेत ते अण्णांशी चांगलं बोलत, एका बाकावर बसत. अण्णा त्यांच्याकडे लग्नाकार्याला जेवूनही आले होते, शेवटच्या पंगतीला का होईना. पण आमच्या घरी कुणी आलं नव्हतं. अण्णा बोलावत, ते हो म्हणत, मग काहीतरी निघायचं. अखेर हेडमास्तर स्वतःहून म्हणाले, 'येत्या रविवारी येतो दिनकरराव.' घरी येऊन अण्णांनी हे मायला तीनदा सांगितलं. तीनदा तेच शब्द, त्यातल्या 'दिनकरराव'सकट.

शनिवारी अण्णा छपराच्या दारात गेले. आत जात नसत ते कधी. बाहेरूनच म्हणाले, 'अक्का, उद्याच्या दिवस चूल पेटवू नको.'

'न्हाई पेटवत,' आत्या म्हणाली.

'आणि ते येतील तेव्हा पुढं येऊ नको.'

'न्हाई येत रे. तुझे पाव्हणे, माझं काय काम? बिलकुल न्हाई येत.' मग तिने विचारलं, 'माझ्यासाठी पुरी ठेवशील ना एखादी, दगडू?'

अण्णा वळून घरात गेले. मी दारात उभी होते. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, उद्या भाजी कर. ती म्हणाली, 'उद्या न्हाई बाई. ऐकलं न्हाई का, काय म्हनून गेला तो?' मी रुसले. घरात सगळा दिवस पाहुण्यांच्या गोडाधोडाची तयारी चालली होती आणि त्यातलं काही पोरांना हात लावायला मिळत नव्हतं. मी म्हटलं, तू केलं नाहीस तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही. खरं तर मला तेवढी भूक नव्हती. तिला माझ्याशिवाय कुणी नाही हे मला माहीत होतं, आणि ते वापरून बघायचं होतं. आत्या बराच वेळ सूप आपटत राहिली. मग म्हणाली, 'पाह्यटं करते. पाव्हणे येईस्तोवर वास मरून जाईल. पन हात बराबर धू, सुले. पाल्यानं धू.'

तिने पहाटे केली. चूल विझवली, राख झाकली, पातेल्यावर ओलं फडकं घालून वर दगड ठेवला. सकाळी मला माय पाटपाणी मांडायला, तांबे घासायला राबवत होती, त्यामुळे जाता आलं नाही. पाहुणे वाटेवर दिसले आणि अण्णा पुढे धावले, तेव्हा मी मागून पळत छपरात शिरले. आत्याने घाईघाईने वाडगं भरलं. निवलेली फळं होती, चरबी वर गोठलेली. मी उभ्याने खाल्ली. मायची हाक आली तशी हात फ्रॉकला पुसून पळाले. मागून आत्या म्हणाली, 'सुले, हात! अगं हात!' मी थांबले नाही.

चौघं सतरंजीवर बसले होते. अण्णांनी नवा सदरा घातला होता. माझ्या हातात पुऱ्यांचं ताट दिलं आणि मी एकेकाच्या पुढे वाकून वाढायला लागले. हेडमास्तरांच्या ताटात दोन पुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, नाक किंचित वर केलं आणि शेजारच्याकडे बघितलं. कुणी काही वावगं बोललं नाही. उलट हेडमास्तर फार गोड बोलले. म्हणाले, 'दिनकरराव, सांगायचंच राहिलं, आज माझा उपास.' दुसरे म्हणाले, 'माझाही आहे.' तिसऱ्यांनाही तो त्याच वेळी आठवला. चौथे जरा म्हातारे होते, ते म्हणाले, पोट ठीक नाही. मग चौघांनी मिळून आणलेली पिशवी उघडली, त्यात केळी होती, डझनभर. 'मुलांसाठी आणलीत,' म्हणत त्यांनी त्यातलीच चार सोलली, आमच्या सतरंजीवर बसून खाल्ली, साली परत पिशवीत घातल्या, पाणीसुद्धा नको म्हणाले आणि उठले. जाताना हेडमास्तरांनी माझ्या गालाला चिमटा काढला. तळलेल्या पुऱ्या, बासुंदी, बटाट्याची भाजी, सगळं जसंच्या तसं ताटात राहिलं. अण्णा त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेले.

आता या वयात मला ती केळी दिसतात. जेवायला यायचं म्हणून निघालेली माणसं घरून केळी घेऊन निघाली होती. म्हणजे माझ्या हाताला वास असता किंवा नसता, माझे हात अत्तराने धुतलेले असते, तरी ती माणसं आमच्या घरचा घास खाणार नव्हती. ते त्यांचं घरीच ठरलं होतं. मला खात्री आहे की हे अण्णांनाही कळलं. हिशेबी माणूस होता तो, त्याला केळी दिसली नसतील असं होणार नाही. पण उद्या शाळेत त्याच बाकावर बसायचं होतं. त्या चौघांवर रागावणं त्यांना परवडणारं नव्हतं. रागावता येईल असं माणूस मागच्या छपरात होतं.

वेशीवरून परत येऊन त्यांनी माझा हात धरला आणि हुंगला. आवाज मुळीच चढवला नाही. 'खाल्लंस?' म्हणाले.

मी मान डोलावली.

'कुणी दिलं?'

आत्या छपराच्या तोंडाशी येऊन उभी होती. तिच्या हातात तिची वेगळी ताटली होती. पाहुणे गेले म्हणून पुरी न्यायला आली असणार. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, 'आत्यानं. मी नको म्हणत होते. तिनं धरून तोंडात कोंबलं.'

कुणी मला घाबरवलं नव्हतं. अण्णांनी मला कधी बोट लावलं नव्हतं, त्या दिवशीही लावलं नसतं. नुसतं 'आत्यानं' म्हणून थांबता आलं असतं. पुढचं मी पदरचं घातलं, कारण ते सांगायला छान वाटलं. अण्णांनी तिच्याकडे वळून विचारलं, 'खरं?'

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला नवल वाटत होतं, एवढंच दिसलं. मग ती म्हणाली, 'हां. म्याच कोंबलं. पोरीला काय कळतं?'

अण्णांनी पातेलं फडक्याने धरून बाहेर आणलं आणि गटारात उपडं केलं. पांढरी फळं काळ्या पाण्यावर तरंगत गेली. वस्तीतली कुत्री धावली. मग त्यांनी खिळ्यावरचा कप काढला, सुतळी सोडली आणि तो तिच्या हातात दिला. 'अक्का, तुला तुझं खाणं सुटत नाही. मला माझी इज्जत सुटत नाही. तू जा,' म्हणाले. शुद्ध, सभेतल्यासारखं मराठी. माय मध्ये पडेल असं मला वाटलं होतं. ती पुऱ्या डब्यात भरत राहिली.

आत्याने फार वेळ लावला नाही. दोन लुगडी आणि सूप घेतलं, पाटा राहू दिला कारण उचलवेना. निघताना मला म्हणाली, 'कणीचा डबा ठेवून राह्यले गं. घोटताना पानी उकळतं पाह्यजे, मंगच फळं तुटत न्हाईत.' अण्णांना म्हणाली, 'येते, दगडू.' जातानाही तिला दिनकर म्हणता आलं नाही. त्या दिवशी आम्हा पोरांना पोटभर पुऱ्या आणि बासुंदी मिळाली. मी खाल्ली, आणि ती मला गोड लागली. जिभेला काही कळत नाही.

ती वडीगोद्रीला, नवऱ्याच्या पुतण्याकडे गेली, असं कानावर आलं. शाळेत ते चौघं त्यानंतरही अण्णांशी तितकंच चांगलं बोलत, आमच्याकडे मात्र पुन्हा कधी आले नाहीत, आणि अण्णांनीही बोलावलं नाही. मी मॅट्रिक होऊन पुढे शिकायला गेले तेव्हा मैत्रिणींबरोबर एसटीने जाताना गाडी वडीगोद्रीला थांबली. रस्त्याकडेच्या हॉटेलामागे एक बाई उकिडवी बसून भांडी घासत होती. पाठ वाकलेली, पण हात तेच, लाल. बाजूला विटेवर एक कप पालथा घातलेला होता. कान नसलेला. इथेही तो तिला लागत होता, की सवयीने वापरत होती, मला माहीत नाही. तिने मान वर करून गाडीकडे पाहिलं. माझ्या मैत्रिणी चांगल्या घरच्या होत्या. मी खिडकीचं शटर खाली ओढलं आणि म्हटलं, ऊन लागतंय. ढगाळ दिवस होता. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा अण्णा वंदनेला बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. मातीला ते गेले नाहीत. मीही गेले नाही, माझी परीक्षा होती.

तर त्या खाणावळीत विहीणबाईंनी माझ्यासाठी आधी वेगळंच मागवलं होतं. भाज्यांचं एक वाडगं, त्याला वेगळा चमचा, आणि ते सगळ्यांपासून जरा दूर सरकवून ठेवलेलं. लेकीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आईच्या घराण्यात हे कधी चालत नाही. त्यांनी ते फार आदराने ठेवलं होतं, आपल्या मटणाचा शिंतोडा उडू नये म्हणून वर झाकण घातलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि त्यांच्यातलं वाडगं ओढून घेतलं. सगळे बघत राहिले. फळं तशीच घशातून उतरली. आतडी मऊ होती, रश्श्याला चक्रीफूल थोडं जास्त होतं, आत्याने इतकं घातलं नसतं. मी वाडगं तोंडाला लावून शेवटचा घोट प्यायले आणि कडेला लागलेलं बोटाने पुसून चाटलं.

लेक हसली. 'आई, तू तर अशी खातेयस जणू लहानपणापासूनची सवय आहे.'

विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. लेकीने सांगितलं, 'त्या विचारतायत, तुमच्याकडे खरंच कुणीच खात नव्हतं का?'

विहीणबाई माझ्याहून मोठ्या आहेत. त्यांचे हात आत्याच्या हातांसारखेच, कामाने लाल झालेले. त्या आपुलकीने वाट बघत होत्या. सांगायला याहून चांगली जागा, याहून चांगली माणसं मला मिळाली नसती. इथे कुणाची नोकरी जाणार नव्हती, कुणी केळी घेऊन आलं नव्हतं. आणि ज्यांना धक्का बसला असता ते सगळे मरून गेले होते.

'नाही,' मी म्हटलं. 'कुणीच नाही. तुझ्यासाठी म्हणून खाल्लं.'

लेकीने ते त्यांना सांगितलं. विहीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे पुसले, आणि एवढ्या मोठ्या मनाची बाई आपण पाहिली नाही असं म्हणाल्या. मी मान लववून ते ऐकून घेतलं. मग त्यांचा हात सोडवून उठले, नळावर गेले आणि साबण लावून दोनदा, अगदी बराबर, हात धुतले.